ठिपक्यांची छाती, आखूड शेपटी: हे पिल्लू कोणाचं?

निंबोणी:

नमस्कार मंडळी. तीन पाखरांनी मला चार दिवस कोड्यात टाकलंय. पक्ष्यांचं पुस्तक दोनदा पालथं घातलं, काही जुळेना, म्हणून इथे विचारतेय.

पहिलं पाखरू जास्वंदीच्या बुडाशी पाचोळ्यात असतं. चिमणीहून मोठं, साळुंकीहून लहान. डोकं आणि पाठ तपकिरी, त्यावर फिकट ठिपके. छाती पिवळसर विटकरी, तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखी गडद नक्षी. शेपटी जेमतेम दोन बोटं. पंखावर एक पांढरा पट्टा आहे, तो मात्र अगदी ठसठशीत. मी त्याला कस्तुर म्हणून मोकळी झाले होते, पण छाती जुळते तर अंगलोट जुळत नाही.

दुसरं लिंबाच्या झाडावर. ठेवण सगळी बुलबुलाची. शेंडी आखूड आणि तपकिरी, गालावर पांढरं आहे पण लाल ठिपका नाही. शेपटीखाली लालऐवजी फिकट नारिंगी. भाऊ म्हणतो, आजारी असेल, म्हणून रंग उतरलाय.

तिसरं अंगठ्याएवढं, हिरवट, वेलीत आत शिरून बसणारं. त्याचा एकच फोटो मिळालाय, तोही हललेला.

पहिल्याच्या चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी किनार आहे, म्हणजे पिल्लू असावं एवढं कळतं. ते जमिनीवरच फिरतं आणि अंगणात एक मांजर येतं. उचलून घरात आणू का?

रेघोट्या:

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते घाईचं आहे. घरात आणू नका. पिसं आलेलं, पायावर उभं राहणारं, उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. ते घरट्यातून बाहेर पडलंय आणि आईबाप आसपासच आहेत. मांजर आलं तर ओंजळीत धरून जवळच्या दाट झुडपात, उंचावर ठेवा आणि मागे फिरा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, असं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. चोच उघडून पाणी मात्र कधीच घालू नका, ते श्वासनळीत जातं.

आता ओळख. तुमचं पहिलं पाखरू दयाळाचं पिल्लू आहे. तुम्ही पांढऱ्या पट्ट्याबद्दल लिहिलंत म्हणून एवढ्या खात्रीने सांगते.

मी पक्ष्यांची चित्रं काढते. एकाच खिडकीत बसून वर्षानुवर्षं तेच पक्षी काढल्यामुळे एक गोष्ट हाताला कळली आहे. पिल्लू काढताना रंगाची डबी शेवटी उघडायची. रंग हीच पिल्लाची सर्वांत कच्ची बाजू असते. अंगाचा रंग काही आठवड्यांत बदलणार असतो. चोचीची घडण, पायांची उंची, बसण्याची ढब आणि पंख-शेपटीवरची पांढरी खूण ही मात्र पहिल्यापासून आईबापांची असते. दयाळ नर काळा-पांढरा, मादी राखाडी-पांढरी, पिल्लू तपकिरी ठिपक्यांचं. तिघांच्याही पंखावर तोच लांब पांढरा पट्टा. पिल्लाच्या पट्ट्याला बदामी किनार असते एवढंच. शेपटी वाढली की कडेची पिसं पांढरी दिसतील. मधली काळपट.

कस्तुर वाटलं यात नवल नाही. कस्तुरांची पिल्लं ठिपक्यांची असतात, तशीच दयाळ, माशीमार यांचीही. या गोतावळ्यात बहुतेकांचा पहिला अंगरखा ठिपक्यांचाच. माझ्या सर्वांत जुन्या वहीत असंच एक पाखरू आहे, खाली मी 'कस्तुर' लिहिलंय. छातीवरचा एकेक खवला मन लावून काढला होता आणि पाय मात्र अंदाजाने काढले होते. पुढच्या वर्षी त्याच कुंडीमागे दयाळाची मादी तसल्याच पिल्लाला भरवताना दिसली तेव्हा ते नाव खोडलं.

खात्री करायची तर शेपटीकडे पाहा. कस्तुर गोटीसारखा गुबगुबीत, शेपटी खाली. दयाळ दोन उड्या मारतो, थांबतो आणि शेपटी उभी करतो. पिल्लाची शेपटी दोन बोटांची असली तरी ते ती उचलून बघतंच.

तुमच्या भावाला सांगा, बुलबुल आजारी नाही. गाल पांढरा, लाल ठिपका नाही, शेपटीखाली नारिंगी, म्हणजे शिपाई बुलबुलाचं या हंगामातलं पिल्लू. गालाखालची काळी बारीक रेघ दिसते का बघा, ती पिल्लातही असते. लालबुड्या बुलबुलाच्या पिल्लाला हा पांढरा गाल नसतो. त्याचं डोकं काळ्याऐवजी तपकिरी आणि बुडाशी फिकट गुलाबी-नारिंगी.

तिसऱ्याबद्दल फोटोवरून काही बोलणार नाही. हिरवट आणि अंगठ्याएवढं यात शिंपी येतो, वटवट्या येतो, शिंजीर येतो, चष्मेवालाही येतो.

भुरकट:

रेघोट्याताईंनी सगळं नीट सांगितलंय, मी एक सावधगिरीची सूचना जोडतो. 'कोण भरवतंय ते पाहा' ही ओळखीची सगळ्यात सोपी खूण, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका.

आमच्या कुंपणावर एकदा सातभाईंचा थवा एका पाखराला भरवत होता. पाखरू भरवणाऱ्यांपेक्षा मोठं, छातीवर उभ्या तपकिरी रेघा, पोटावर मोठे डाग, शेपटीवर आडवे पट्टे. मला शिक्र्याचं, म्हणजे त्या लहान शिकारी पक्ष्याचं, पिल्लू वाटलं आणि सातभाई त्याला का भरवतायत, या विचाराने पार चक्रावलो. ते पावशाचं पिल्लू होतं. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि पिसाऱ्याने लहानपणीही शिक्र्यासारखाच दिसतो. फरक चोचीत. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसर. पुन्हा तेच, रंगाने फसवलं आणि चोचीने सोडवलं. कावळ्यामागे चोच वासून फिरणारं कोकिळेचं पिल्लू तर पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याचीही चोच आधी काळी असते, मोठ्या कोकिळासारखी हिरवट नंतर होते.

सातभाईंचं स्वतःचं पिल्लू थव्यात शोधायचं तर पिसांत शोधू नका, काही हाती लागत नाही. डोळे पाहा. मोठ्या सातभाईचा डोळा फिकट, दुधाळ, रागावल्यासारखा. पिल्लाचा गडद.

आणखी एक. गवताच्या तुऱ्यांवर एकदा पंधरा-वीस पाखरं उतरली, सगळी सपाट तपकिरी, पोटाशी बदामी, अंगावर रेघ नाही की ठिपका नाही. चिमण्या म्हणाव्यात तर पाठीवर पट्टे हवेत. चोच जाड, तिकोनी, गडद. अर्धा तास बसलो. मग त्यांच्यात एक आलं ज्याच्या छातीवर डाव्या बाजूला चार-पाच खवले उगवले होते, उजवी बाजू अजून कोरी. ठिपकेवाली मुनिया! त्या चार खवल्यांवरून अख्ख्या थव्याचं नाव कळलं.

निंबोणी:

दोघांचेही खूप आभार. आज सकाळी सहा वाजल्यापासून पायरीवर बसले होते. साडेसहाच्या सुमारास राखाडी मादी आली, चोचीत लांबट अळी. पिल्लू कुंडीमागून बाहेर आलं, पंख थरथरवत खाली बसलं आणि तोंड उघडलं. आतून तोंड पिवळंधमक! मादीच्या पंखावरचा पट्टा आणि पिल्लाच्या पंखावरचा पट्टा एकाच चौकटीत दिसले. शंकाच उरली नाही. मांजरासाठी पायरीवर पाण्याची पिचकारी घेऊन बसते आहे.

बुलबुलाच्या गालाखाली काळी रेघ आहे. भावाला दाखवली.

आता माझा प्रश्न असा. दयाळाचं पिल्लू जवळून पाहिलं तर त्याची पिसं फुलून, विस्कटल्यासारखी दिसतात. मादी कशी इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत. हे ओलं झाल्यामुळे की पिल्लांची पिसं मुळातच तशी असतात?

रेघोट्या:

तुम्ही हे पाहिलंत याचा मला फार आनंद झाला, कारण पिसाऱ्यावरून वय ओळखायचं ते इथे, ठिपक्यांत नाही.

मोठा पक्षी पिसं बदलतो तेव्हा थोडी थोडी बदलतो, आठवडेच्या आठवडे घेतो. पिल्लाला अंगभर पिसं एकाच वेळी, काही दिवसांत उगवावी लागतात, त्याच दिवसांत हाडंही वाढवायची असतात. बुलबुलाचं घरटं उघडी वाटी. साप, कावळा, मांजर, कोणालाही सापडेल. म्हणून ती पिल्लं बारा-तेरा दिवसांत, शेपटीचा नुसता खुंट असताना बाहेर पडतात. दयाळाचं घरटं ढोलीत, तिथे थोडी उसंत मिळते. तरी पंधरा दिवसांच्या आसपास तीही बाहेर. एवढ्या घाईत विणलेलं पीस विरळच निघतं. पिसाच्या दांड्याला दोन्ही अंगांनी जे बारीक धागे असतात, ते पिल्लात कमी आणि लांब लांब असतात, एकमेकांत नीट अडकत नाहीत. सगळ्यांत विरळ जागा म्हणजे शेपटीखालचा भाग. मोठ्या दयाळाचा तो भाग मी ओल्या ब्रशच्या एका ओढीत काढते. पिल्लाचा काढताना ब्रश जवळजवळ कोरडा करून, केस फाकवून, नुसता टेकवत न्यावा लागतो. तरच ती कापसासारखी झाक येते.

दुसरी खूण शेपटीत. पीस वाढत असताना दिवस-रात्रीच्या फरकाने त्यावर अगदी पुसट आडव्या रेघा उमटतात. चांगल्या फोटोत, उन्हाच्या तिरप्या उजेडात दिसतात. पिल्लाच्या शेपटीची सगळी पिसं एकदम वाढलेली, त्यामुळे या रेघा एका पिसावरून दुसऱ्यावर सरळ ओळीत जातात. मोठ्याची पिसं वेगवेगळ्या वेळी आलेली, रेघा जुळत नाहीत. अपवाद एकच. मांजराच्या झडपेत एखाद्या मोठ्या पक्ष्याची शेपटी सबंध गेली, तर नवी शेपटी एकदमच येते आणि रेघा ओळीत बसतात. आखूड शेपटी दिसली म्हणजे पिल्लू, असं म्हणूनच म्हणू नये. चोचीचे कोपरे पाहायचे. तिथे पिवळी मऊ किनार असेल तर पिल्लू.

ही किनारही काही आठवड्यांत आटते. पुढे? पुढे पंख पाहायचे. पहिला अंगरखा फार टिकत नाही, पण बहुतेक लहान पक्षी पहिल्या खेपेला फक्त अंगावरची पिसं बदलतात, पंखांची आणि शेपटीची जुनीच वापरतात. म्हणून काही महिन्यांनी तुमच्या अंगणात असा दयाळ दिसेल ज्याचं अंग काळं, पण पंख तपकिरी झाक असलेले, विटलेले. नव्या सदऱ्याला जुन्या बाह्या लावल्यासारखा. तो नर आणि या हंगामातला. घरचिमणी याला अपवाद आहे. ती पहिल्याच खेपेला डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी पिसं बदलते, मग तिचं वय पंखांवरून सांगता येत नाही.

हळदुली:

मध्येच शिरते. आमच्याकडे जांभळ्या शिंजीराच्या मादीसारखा पिवळसर पक्षी येतो, पण गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी. सगळे म्हणतात, वयात येणारं नर पिल्लू. बरोबर का?

आणि एक सांगावंसं वाटलं. पिल्लं अशी मळकट का, याचं एक कारण मला फार पटलं होतं. युरोपातल्या रॉबिनची पिल्लंही तपकिरी ठिपक्यांची असतात, छाती लाल नसते. पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबिनचा अभ्यास केला. हद्द राखणारे काही रॉबिन नुसत्या लाल पिसांच्या झुबक्यावर तुटून पडत. भुसा भरलेलं कोवळं रॉबिन, छाती अजून तपकिरी असलेलं, समोर ठेवलं तर त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. लाल रंग हाच भांडणाचा निरोप. पिल्लाकडे तो नाही, म्हणून बापाच्या हद्दीत त्याला मार बसत नाही.

रेघोट्या:

हळदुली, ही माहिती सुरेख आहे. शिपाई बुलबुलाच्या गालावरही लाल उशिरा येतं आणि तांबट पक्ष्याचंही तसंच. त्याच्या पिल्लाच्या कपाळावर आणि छातीवर लाल नसतं, नुसतं हिरवट, पोटावर रेघा. या दोघांत कारण तेच आहे असं मी म्हणणार नाही, पण उन्हाळ्यात तांबटाच्या ढोलीबाहेर कोऱ्या कपाळाचं पिल्लू पाहिलं की मला रॉबिनची ही गोष्ट आता आठवेल.

शिंजीराबद्दल जरा थांबा. काळी पट्टी दोघांना असते. नर वयात येताना असते, आणि विणीचा हंगाम संपल्यावर मोठा नर चकाकी टाकून साधा होतो तेव्हाही असते. नुसत्या पट्टीवरून पिल्लू ठरवता येणार नाही. पंखाचा खांदा पाहा. मोठ्या नराचे पंख काळपट राहतात आणि खांद्यावर निळी-जांभळी चमक शिल्लक असते. तिथे चमक नसेल, पंख फिकट तपकिरी असतील आणि चोच थोडी आखूड वाटली, तर पिल्लू म्हणायला हरकत नाही. हा पक्षी फुलावर लटकतो तेव्हा खांदा दिसत नाही. उडून फांदीवर बसेल आणि चोच पुसेल, तेवढ्या वेळात दिसतो.

भुरकट:

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. भर दुपारच्या उन्हात चोचीचा पिवळा कोपरा पांढरा पडतो आणि ठिपके धुऊन निघतात. सावलीत, सकाळी काढा. आणि पाखरू एकाच बाजूने दहा वेळा टिपण्यापेक्षा एकदा बाजूने, एकदा पाठमोरं, एकदा खालून शेपटी दिसेल असं टिपा. निंबोणीताईंचा तिसरा पक्षी त्यामुळे सुटेल.

निंबोणी:

भुरकट, तुमचं ऐकून वेलीखाली खुर्ची टाकली. तिसरं पाखरू काल दोनदा दिसलं, फोटो नाही मिळाला, पण वहीत टिपून ठेवलंय. पाठ शेवाळी हिरवी. पोट मळकट पांढरं. टोपीच्या जागी अगदी पुसट तांबूस, असून नसल्यासारखं. शेपटी आखूड पण उभी. आणि आवाज अंगाच्या मानाने केवढा मोठा!

रेघोट्या:

शिंपी. मोठ्या शिंप्याची तांबूस टोपी पिल्लाला अशीच पुसट असते. राखी वटवट्याचं पिल्लू असतं तर पोट पिवळट दिसलं असतं, शेपटी जास्त लांब आणि तिच्या टोकांना काळे-पांढरे ठिपके. हिरवी पाठ शिंप्याची. आणि निंबोणी, हे तुम्ही फोटोशिवाय, चार ओळींच्या टिपणावरून सोडवलंत.

त्या वेलीची पानं जरा हलक्या हाताने बाजूला करून पाहा, एखादं पान कडेने शिवलेलं सापडेल. आता रिकामं असेल. तरी काढू नका.

एक मागणं आहे. दयाळाच्या पिल्लाच्या छातीवरचे खवले कोणत्या तारखेपासून कमी दिसायला लागले, ते लिहून ठेवाल का? आणि आधी कुठून गेले, गळ्याकडून की कडांनी. मी आजवर प्रत्येक वेळी मधले आठवडे हुकवलेत. पिल्लू लांब उडायला लागतं आणि खिडकीतून दिसेनासं होतं.

निंबोणी:

नक्की लिहीन. आज नववा दिवस. शेपटी आता चार बोटं झाली आहे, कडा पांढऱ्या दिसतात. खवले अजून सगळे आहेत. सकाळी मादीने अळी आणली आणि त्याला न देता भिंतीवर थांबली. ते खालून ओरडत राहिलं, मग उडून भिंतीवर गेलं. तिथे पोचल्यावर तिने भरवलं.

पान सापडलं. कडेला सहा टाके आहेत, पांढऱ्या कापसाचे. तसंच ठेवलंय.